खुलासा : ‘ओहोटीत कयाक सुरक्षित’ हा निरोप चुकीचा आहे

‘शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटीला कयाक (वल्ह्याची छोटी होडी) सोडा, पाणी उथळ असतं, बुडायची भीती नाही’ असा निरोप गोव्यात बार्देश-पेडण्यात फिरतो आहे. कृपया तो पुढे पाठवू नका.

पाणी उथळ होतं हे खरं. पण नदीत चढलेलं भरतीचं सगळं पाणी त्याच वेळी मोरजीच्या वाळूच्या दांड्यालगतच्या अरुंद मुखातून समुद्राकडे धावत असतं. ओहोटी साधारण सहा तासांची; त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या तासातच जवळजवळ निम्मं पाणी उतरतं. त्या ओढीपुढे नवख्याचं वल्हं कमी पडतं. समोरून लाटा आल्या तर मुखावरच पाणी फुटतं आणि कयाक उलटते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ फारच वाढते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, कमी असते.

‘भरती रोज सकाळी सातला’ हेही चूक. वेळ दररोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टकही इथे चालत नाही, मुरगाव बंदराचं बघा.

शिकायचंच असेल तर भरती चढताना, मुखापासून आत, शिवोली-कामुर्लीच्या बाजूला उतरा. वल्हं हातून सुटलं तरी पाणी नदीत आतच नेतं. लाइफ जॅकेट तिथेही अंगावर हवंच.