म्हणे, भीती घातली की पोरगं टॉपर होतं!

'अपयशाची भीती हीच यशाची किल्ली' अशा मथळ्याचा लांबलचक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. एरवी मी तो न वाचताच सोडला असता. पण अमळनेरच्या ताईने तो वर 'अगदी खरंय' लिहून पाठवला आणि तिचा पोरगा यंदा दहावीला आहे.

मेसेज म्हणतो, ९५ टक्के मिळाले तर 'पाच कुठे गेले?' असं विचारा, म्हणजे परफेक्शनची सवय लागते. लागते ना, पण कसली? थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र तपासली. 'लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवंय, नाहीतर मला किंमत नाही' ही भावना त्यात सगळ्यात जास्त, ३३ टक्क्यांनी, वाढलेली दिसली. चिंता आणि नैराश्य यांच्याशी परफेक्शनचा हाच प्रकार सगळ्यात घट्ट जोडलेला आहे. अभ्यास तिकडचा आहे, कबूल. पण निकालाच्या दिवशी सकाळपासून फोन करणारे काका-मामा तिकडे बहुधा कमीच असतील.

डोकं फिरलं ते पुढच्या सल्ल्याने: 'एक चूक झाली की अख्खं पान फाडून पुन्हा लिहायला लावा.' ताईकडे हे आधीपासूनच चालू आहे. भाच्याची भूमितीची वही मी हातात घेतली, तर ती निम्मी झालेली, मधल्या पिना सैल. कंपासचं टोक जरा सरकून वर्तुळ दुहेरी आलं की पान गेलं! आणि सराव परीक्षेच्या पेपरात चार मार्कांचा प्रश्न कोरा.

"येत नव्हता का रे?"

"पहिल्या दोन स्टेप येत होत्या, मामा. पुढचं चुकलं असतं."

अरे, बोर्डात स्टेपला मार्क असतात! चुकेल या धाकाने पोराने हातचे मार्क सोडले. भीती बसली की डोकं उत्तर शोधायचं सोडून चूक लपवायच्या मागे लागतं. मग वही उघडायलाच उशीर, रात्री झोप नाही, आणि घरचे म्हणतात, आळशी झालाय.

'सगळी मोठी माणसं परफेक्शनिस्ट होती' यावर काय बोलायचं? त्याच नादात मोडून गेलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. हां, थोडी धाकधूक नसेल तर पुस्तक उघडत नाही, हे मलाही मान्य करावं लागेल. ध्येय उंच असावं, हेही खरं. पण 'चुकलं, परत करतो' म्हणणारा पोरगा आणि 'चुकलं, मी नालायक' म्हणणारा पोरगा यांत फरक आहे, आणि पान फाडायला लावून दुसराच तयार होतो.

शेवटचा मुद्दा तर कळसच: 'खान्देशच्या उन्हात वाढलेल्या पोराला डिप्रेशन येत नसतं.' भो, भुसावळचा पारा ४५ वर गेला की केळीची बाग होरपळते, नैराश्याचे जंतू मरत नाहीत! २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. कारणं वेगवेगळी असतील, पण ते सगळे सावलीत वाढले होते का?

ताई, पोरगा जेवेनासा झाला, रात्र-रात्र जागू लागला, 'मी कामाचाच नाही' म्हणू लागला, तर ग्रुपवर विचारत बसू नकोस. १४४१६ वर फोन लाव. टेलिमानस ही सरकारची फुकट सेवा आहे, मराठीत बोलता येतं.