मामांची पॉलिसी बंद पाडणारा मेसेज

भाऊबीजेला आईला घेऊन अंबाजोगाईला मामांकडं गेलो होतो. फराळ चालू असताना सहज विचारलं, "मामा, आरोग्य विम्याच्या पॉलिसीचा हप्ता भरला का?" मामा चकली मोडत निवांतपणे म्हणाले, "बंद केली. सरकारनं फुकट केलंय म्हणं सगळं." आणि फोन माझ्यापुढं सरकवला.

निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज. वर तीन तिरंगे, खाली हात जोडलेले, मध्ये पाच मुद्दे. थोडक्यात असे: ६० च्या पुढच्या प्रत्येकाला ५ लाखांपर्यंतचे सगळे उपचार कुठल्याही दवाखान्यात मोफत, तेव्हा पॉलिसीवर पैसे उधळू नका. या योजनेतला तोटा विमा कंपन्या पेन्शनरांचे हप्ते वाढवून वसूल करताहेत. १० टक्क्यांच्या वर हप्ता वाढवणं हा आता गुन्हा आहे, जास्तीचे पैसे परत मागा. जीएसटी गेला म्हणून हप्ता १८ टक्क्यांनी कमी झालाच पाहिजे, नसेल तर एजंट लुटतोय. आणि ६५ नंतर पॉलिसी मिळतच नाही, मग चालू ठेवून उपयोग काय. शेवटी, ११ जणांना पाठवा.

मामांचं वय ६८. २०२१ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलेला. पॉलिसीची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही भोगायचं नाहीये, म्हणून हे उत्तर.

पहिल्या मुद्द्यापासूनच धरू, कारण खरं नुकसान तिथंच आहे. केंद्राच्या मंत्रिमंडळाचा ज्येष्ठांना आयुष्मान भारत या मोफत उपचारांच्या योजनेत घेण्याचा निर्णय ११ सप्टेंबर २०२४ चा. त्याचं सरकारी प्रसिद्धिपत्रक दोन पानांचंही नाही. मेसेज पाठवायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ काढला की वाचून होतं. त्यात वय ६० नाही, ७० आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला योजना सुरू झाली आणि त्या कार्डाला वय वंदना कार्ड म्हणतात. उत्पन्नाची अट नाही, हे खरं. पण ५ लाख माणशी नाहीत, कुटुंबाला आहेत. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या पुढचे असतील तर तेच ५ लाख दोघांत. आधीपासून आयुष्मानमध्ये असलेल्या घरातल्या सत्तरीवरच्यांना मात्र वेगळे ५ लाख.

इथं मामांनी मला अडवलं. "माझी आई सांगायची, मी मोठ्या पुराच्या साली झालो. म्हणजे माझी सत्तरी उलटलीय." असेल. पण कार्ड आधारवरच्या तारखेवर निघतं आणि मामांच्या आधारवर १ जून १९५७ आहे. आपल्याकडच्या त्या पिढीतला निम्मा गाव १ जूनला जन्मलेला! शाळेत नाव घालताना गुरुजींनी जे लिहिलं तीच जन्मतारीख. मामांनी स्वतः मुख्याध्यापक असताना शेकड्यानं पोरं १ जूनला जन्माला घातली आहेत. आता तीच तारीख त्यांना २०२७ पर्यंत थांबवून ठेवणार.

पण त्याच प्रसिद्धिपत्रकातली खरी महत्त्वाची ओळ वेगळीच आहे, आणि या मेसेजचा पायाच ती उखडते. ज्यांच्याकडं खासगी आरोग्य विमा किंवा ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) आहे असे ज्येष्ठही या योजनेला पात्र आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. हे की ते, अशी निवड करायला लावलीय ती फक्त केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या आयुष्मान योजनेतल्यांना. जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षकाला यातलं काहीच नसतं. म्हणजे सरकार स्वतः सांगतंय की पॉलिसी असली तरी कार्ड घेता येतं. "पॉलिसी बंद करा" हे वाक्य मेसेजवाल्यानं घरी तयार केलेलं आहे.

आता एक गोष्ट मला नाइलाजानं मान्य करावी लागते. महाराष्ट्रात ६८ वर्षांच्या माणसालाही काहीच नाही असं नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली आणि तिची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तर ती आधीपासून होती; शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांच्या यादीत मराठवाडा अख्खा आहे. तेव्हा मामा अगदीच उघड्यावर नाहीत, आणि मेसेजमध्ये सत्याचा एक कण आहे. पण तो "कुठल्याही दवाखान्यात" आणि "सगळे उपचार" या शब्दांनी नासवलाय. योजना चालते ती यादीतल्या रुग्णालयांत, यादीतल्या उपचारांसाठी. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. संभाजीनगरचं घाटी असो की अंबाजोगाईचं स्वाराती, या सरकारी रुग्णालयांत उपचार होतात, कितीतरी लोक तिथूनच बरे होऊन घरी जातात. प्रश्न रात्री दोन वाजताचा आहे.

२०२१ मध्ये मामांना छातीत कळ आली ती रात्रीच. शेजारच्याच्या गाडीतून लातूरला नेलं. जो दवाखाना आधी लागला, तिथं ओळखीचा डॉक्टर होता, तिथं उतरवलं. तो दवाखाना योजनेत नव्हता. मामी पिशवीतून रेशनकार्ड काढून काउंटरवर धरत होत्या आणि काउंटरवरचा पोरगा दुसऱ्यांदा म्हणत होता, "काकू, हे इथं नाही चालत." त्याच पिशवीत तळाशी पॉलिसीची फाईल होती. बिल २ लाख ७ हजार झालं, कंपनीनं १ लाख ८५ हजार दिले, २२ हजार खिशातून गेले. ते २२ हजार मामांच्या लक्षात आहेत. १ लाख ८५ हजार विसरले.

आणि रोजच्या गोळ्या? बीपी, शुगर, रक्त पातळ ठेवायची. आयुष्मानमध्ये भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात. ओपीडी आणि जन्मभराचं औषध त्यात येत नाही. मामांच्या पॉलिसीतही येत नाही, हेही सांगून टाकतो. त्या बाबतीत दोन्हीकडं बोंब.

मग बंद केलेली पॉलिसी पुन्हा घेता येते की, असं ग्रुपवरच्या एका गुरुजींनी खाली लिहिलं होतं. येते. आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबायची तयारी असेल तर, आणि स्टेंटवाल्या ६८ वर्षांच्या माणसाला कंपनीनं घेतलं तर. नाकारायचा तिला अधिकार आहे. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, "तुम्ही अमुक आजार लपवला होता" म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. मामांची दहा वर्षं झाली होती. ३१ मे २०१५ ला निवृत्त झाले त्याच वर्षी घेतलेली पॉलिसी. ही दहा वर्षं एका मेसेजवर सोडून द्यायला निघाले होते.

तोट्याचा मुद्दा पटकन उरकतो. आयुष्मानचा पैसा करातून येतो, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. तो मामांच्या हप्त्यातून जात नाही. हप्ते वाढतात ते वय वाढतं, दवाखान्याची बिलं वाढतात आणि दावे वाढतात म्हणून. यातही अर्धं सत्य आहे, पण भलत्याच सुधारणेबद्दल. २०२४ मध्ये विमा नियामकानं (आयआरडीएआय) आधीच्या आजारांसाठीची थांबायची मुदत ४ वर्षांवरून ३ वर आणली, आजार लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता न येण्यासाठीची ८ वर्षांची अट ५ वर आणली, वयाची मर्यादा काढली. ग्राहकाच्या भल्याचंच केलं. पण जोखीम वाढली की कंपनी ती हप्त्यात घालणार, ती काय अन्नछत्र चालवत नाही.

१० टक्क्यांचं म्हणाल तर नियामकाचं परिपत्रक आहे, ३० जानेवारी २०२५ चं. ६० आणि त्यावरच्या वयाच्या ग्राहकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीनं आधी नियामकाशी सल्लामसलत करायची. बस. गुन्हा नाही, परतावा नाही. आणि १० टक्के म्हणजे थोडे समजू नका; दरसाल १० नं सात वर्षांत रक्कम जवळपास दुप्पट होते. गणिताच्या मास्तरांना हे मी सांगावं!

जीएसटीचं गणित मामांच्याच नोटीशीवर मांडलं. गेल्या वर्षी दोघांचा मिळून हप्ता ४०,००० आणि वर १८ टक्के म्हणजे ७,२००, एकूण ४७,२००. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही. यंदाची मागणी ४३,६००. मामा म्हणाले, "मग ४०,००० च पाहिजे की." नाही, मूळ हप्ता ९ टक्क्यांनी वाढलाय. शिवाय कर माफ झाल्यावर कंपनीला स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, ते ओझंही तिला कुठंतरी घालायचंच असतं. आणि १८ टक्के कर गेला म्हणजे बिल १८ टक्क्यांनी उतरत नाही. ४७,२०० मधून ७,२०० गेले तर सव्वापंधरा होतात. पुढच्या वर्षी पुन्हा एवढीच वाढ झाली तर ४७,५२४. म्हणजे करमाफीचा आनंद एका दिवाळीपुरता. यात एजंटनं लुटलं कुठं?

मामांच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांची पॉलिसी बँकेच्या निवृत्तांची सामूहिक. हप्ता ते पदरचा भरतात आणि सामूहिक पॉलिसीला ही माफीच नाही, १८ टक्के तसेच. त्यांनाही हाच मेसेज आला होता आणि ते दोन दिवस बँकेत भांडून आले होते.

पाचवा मुद्दा. वयाची ६५ ची मर्यादा १ एप्रिल २०२४ ला गेली. पण ती असती तरी? नवी मिळत नाही म्हणून असलेली बंद करा! बोअरला पाणी लागेना म्हणून पाणी असलेली विहीर बुजवा, असं मराठवाड्यात कुणाला सांगून बघा.

४३,६०० रुपये मामांच्या एका महिन्याच्या पेन्शनच्या वर जातात. ते परवडत नाहीत ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे, आणि तिचं उत्तर माझ्याकडंही नाही. विम्याची रक्कम कमी करून घेता येते, मुदत संपायच्या आधी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येते, म्हणजे जुनी वर्षं न गमावता हलवता येते. मुलांनी हप्ता वाटून घ्यावा हे बोलायला सोपं आहे. मामांचा मुलगा पुण्यात भाड्याच्या घरात राहतो.

मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत भरलं तर जुनी वर्षं टिकतात, पण मधल्या दिवसांत काही झालं तर एकरकमी हप्ता भरणाऱ्याला दावा मिळत नाही. हे ऐकल्यावर मामी उठल्या, कपाटातून पिशवी आणली आणि फाईल माझ्यापुढं ठेवली. त्या दिवाळीचे नऊ दिवस मामांनी विम्याशिवाय काढले होते, तुपातले अनारसे खात.

हप्ता त्याच दुपारी भरला. पावती मामांनी ग्रुपवर टाकली नाही. "लोक काय म्हणतील, आधी मीच पुढं पाठवला होता तो मेसेज," म्हणाले. किती जणांना, ते विचारलं. अकरा. मग मामांनी चष्मा लावला, वही काढली आणि एकेकाला फोन लावायला बसले. आम्ही निघेपर्यंत चार झाले होते. दोघांनी हप्ता भरलेला होता, एकाचा फोन लागला नाही, आणि चौथे गुरुजी मामांनाच समजावत होते की सरकारनं सगळं फुकट केलंय.