भिजलेला आषाढ आणि शिशाच्या गोळ्या

आषाढात आमच्या रत्नागिरीत मिठाच्या बरणीला पाठीत धपाटा घातल्याशिवाय मीठ आमटीत पडत नाही. अशा हवेत मला मासे पकडायच्या गरीला वजन म्हणून बांधतात त्या शिशाच्या गोळ्या रंगवायची बुद्धी झाली.

गरवण्याचा नाद असलेल्याला गोळ्या कधीच पुरत नाहीत. खडपात अडकल्या की गेल्या. म्हणून टायरवाल्याकडून चाकांची जुनी शिशाची वजनं आणून मी पडवीत ओततो. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याची भीती नाही, साच्यातल्या ओलीची आहे. एक थेंब राहिला तरी वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. त्यामुळे साच्याला आधी तासभर शेक देतो, बाळंतिणीसारखा.

हात काळे होऊ नयेत म्हणून वर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड चिकटवून भाजायची. ऐकायला सोपं: प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पावडर घालून खुळखुळा वाजवायचा. घर्षणाने वीज तयार होते, पावडर चिकटते. मग २०० अंशांवर २० मिनिटं भाजायचं.

कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग आमच्या मास्तरांनी जुलैत कधीच का केला नाही, ते मला पन्नाशीत कळलं. दमट हवेत ती वीज टिकतच नाही. दहा मिनिटं हलवून झाकण काढलं, तर गोळ्या कोऱ्या करकरीत आणि पावडर सादळून गुठळ्या.

"दाजी, डबा पाच नंबरच्या प्लास्टिकचा घ्या," पुण्याचा मेहुणा फोनवर म्हणाला. घरातले सगळे डबे उपडे करून बुडाच्या त्रिकोणातले आकडे वाचले. पाचाचा एकच निघाला, तोही चकल्यांचा. शिसं विषारी, म्हणजे डबा चकल्यांना कायमचा मुकला. भाजायचा ओव्हन मात्र मी भंगारातून वेगळा आणलाय. त्यावर हिने लाल रंगात 'विष' लिहिलंय. पाहुण्यांना वाटतं, मी स्वयंपाक करतो.

पाच नंबरलाही पावसाने जुमानलं नाही. शेवटी पावडर दोन रात्री ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याखाली वाळवली, गोळ्या आधी तापवल्या आणि अनारसा खसखशीत थापावा तशा गरमागरम घोळवल्या. भाजून निघाल्या त्या केशरी, चकचकीत. टाचणीएवढी भोकं पडली होती, पण ती चष्मा लावला तरच दिसतात. मी काढून ठेवला.

रविवारी मिऱ्याच्या किनाऱ्यावर गेलो. शेजारच्या कातळावर एक काका गोळीऐवजी गंजका स्पार्क प्लग बांधून गरवत होते. पिशवीत दोन तांबोश्या. माझी गोळी त्यांनी तळहातावर घेऊन बराच वेळ निरखली.

"बेस झालीय हो," ते म्हणाले. "पाण्यात कशाला टाकताय? भिजेल."