मासो असो पवता काय गो?

मी मुलींना भरतनाट्यम शिकवते. कार्यक्रमासाठी यंदाही एका मंडळाकडून निरोप आला, "बाई, भरतनाट्यम नको. आपल्याकडे कोणाला कळत नाही. मुलींचं काहीतरी उडतं बसवा."

फार लागलं मनाला. अहो, आपण मालवणात राहतो! जत्रेत दशावताराला संकासुर आला की आईच्या मांडीवरचं पोरही झोपेतून उठून बसतं. वेद चोरणारा तो, त्याला विष्णू मारतो, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. मग तीच गोष्ट सांगणारा माझ्या मुलींचा मत्स्यावतार कळणार नाही असं का धरून चालायचं?

"ते दक्षिणेतलं," असंही ऐकवतात. आहेच दक्षिणेतलं. पण आज सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंत ज्या क्रमाने जो कार्यक्रम होतो, त्याची घडी बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तंजावरच्या मराठ्यांच्या, दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी होते. राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गीतरचना, रचली. परकं कसं म्हणायचं याला?

आता मागच्या कार्तिकातली गोष्ट सांगते. सकाळी मुलींना घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर गेले होते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, नुकतीच ओढून झाली होती. एक मुलगी वाळूत उभी राहून मत्स्य हस्त, म्हणजे माशाची मुद्रा, करत होती. एका पालथ्या हाताच्या पाठीवर दुसरा तळवा पालथा, दोन्ही अंगठे बाहेर, आणि ते अंगठे भराभर हलवत होती. शेजारी एक आजी बांगडे निवडत बसल्या होत्या. हात थांबवून त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गो चेडवा, मासो असो पवता काय? शेपटी बघ त्येची!" आणि खवले चिकटलेला ओला हात हवेत धरून त्यांनी मनगटातून असा काही वळवला, की मला तिथे पाणी दिसलं.

मुलीने पुन्हा केलं. मुद्रा तीच, शास्त्राला कुठे धक्का नाही. पण लाट आता कोपरापासून बोटांपर्यंत येत होती आणि अंगठे आपोआप हळू झाले. वर्गात मी सहा महिने हेच सांगत होते.

अभिनयदर्पण या नृत्याच्या जुन्या ग्रंथात एकट्या पताक हस्ताने, म्हणजे बोटं जुळवून सरळ धरलेल्या हाताने, ढग, वन, नदी, समुद्र सगळं दाखवता येतं असं दिलंय. हात तोच असतो, फरक पडतो तो नजरेने. जिथे हात तिथे दृष्टी, हे आम्ही पहिल्याच वर्षी पाठ करतो. पण त्या दृष्टीने समुद्र पाहिलेलाच नसेल, मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून हात उचलला असेल, तर त्यात समुद्र येणार कुठून? दाराशी दर्या असलेल्या मुलींनी तो पडद्यावरून शिकावा, हे मला पटत नाही. म्हणून आता महिन्यातून एक वर्ग किनाऱ्यावर. भूमीला नमस्कारही तिथल्या ओल्या वाळूलाच करतो.

मंडळाला कळवलंय, आम्ही भरतनाट्यममधला दशावतारच करणार. आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची त्या आजींसाठी ठेवा. विचारून आलेय मी त्यांना. "येतंय," म्हणाल्यात.