पाव की पाच?

सोलापुरात शेअर रिक्षात बसून काही वाचण्याचा बेत असेल, तर आपल्या नजरेचा अभिमान आधी आसरा चौकातच उतरवून ठेवावा. नवी पेठेतून आणायच्या सामानाची सौभाग्यवतींची यादी मी सात रस्त्याकडे निघालेल्या रिक्षात उघडतो, तेव्हा शेंगाचटणी 'पाव किलो' आहे की 'पाच किलो', हे दोन्ही डोळे शाबूत असूनही ठरवता येत नाही, आणि घरातली पुढच्या आठवड्याची शांतता नेमकी त्या एका अक्षरावर टांगलेली असते. चीड याची येते की त्याच हादऱ्यांत रस्त्याकडेच्या चादरीच्या दुकानाची पाटी, खालच्या 'उधार बंद'सकट, स्वच्छ वाचता येते.

तेव्हा दोष चष्म्याचा नव्हे. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, तिथल्या संवेदनशील पेशी ही खबर मेंदूला पोचवतात आणि प्रत्येक डोळ्याचे सहा स्नायू त्याला डोक्याच्या उलट दिशेने तेवढेच फिरवतात. हा सारा कारभार सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात उरकतो; इतक्या तत्परतेने माझा कुठलाही अर्ज आजवर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला नाही. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविक औषधामुळे ही यंत्रणा गमावलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने 1952 मध्ये लिहून ठेवले आहे की, नाडीच्या ठोक्यांनी डोके हलले तरी त्याच्यापुढची अक्षरे नाचत आणि वाचताना डोके पलंगाच्या गजांत टेकवून धरावे लागे.

मात्र ही यंत्रणा स्थिर जगासाठी आहे. पाटी रस्त्यावर उभी असते, म्हणून डोळे तिला धरून ठेवतात. यादी माझ्याबरोबरच रिक्षात उसळत असते, त्यामुळे खड्ड्यागणिक कानाने इमानाने केलेली दुरुस्तीच नजर कागदावरून घसरवते. घरी वर्तमानपत्र स्थिर धरून मान 'नाही नाही' म्हणत झपाट्याने हलवली तर मथळे वाचता येतात, पण मान स्थिर ठेवून वर्तमानपत्र तेवढ्याच वेगाने हलवले तर नुसत्या काळ्या रेघा दिसतात. (हा प्रयोग घरच्यांसमोर करू नये, पहिल्या भागाचा अर्थ ते वेगळा घेतात.)

"काका, खाली बघू नका, मळमळंल," असे रिक्षावाल्याने आरशातून बजावले, आणि त्यालाही शास्त्राचा आधार आहे: कान म्हणतो आपण चाललो आहोत, कागदावर खिळलेला डोळा म्हणतो आपण जागचे हललेलो नाही, आणि या भांडणाचा निकाल पोटात लागतो.

अखेर सिग्नलला रिक्षा थांबली. 'पाव' स्पष्ट दिसले, जीव भांड्यात पडला, आणि सर्वांत खाली लिहिलेले 'मागे पाहा' वाचून मी कागद उलटतो तोच सिग्नल हिरवा झाला.