इलेक्टोरल मतं कशी वाटावीत : नवख्या आमदारासाठी कानमंत्र

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधिमंडळात तुम्ही निवडून आलात. (हसू नका, आपले बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनच्या विधानसभेत बसून आलेत.) आणि तो नाजूक प्रश्न पुढ्यात आला : राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आपल्या राज्याची इलेक्टोरल मतं वाटायची कशी? (तिथे राष्ट्राध्यक्ष जनतेच्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, येतात आणि त्यांच्या मतांवर निकाल लागतो.) घाबरू नका. तुमचं विधिमंडळ ठरवेल तसं, असं राज्यघटनाच म्हणते. पंगत आपली, वाढपीही आपलाच.

आधी गेल्या निवडणुकीचे आकडे मागवा. तत्त्वबित्त्व चहानंतर. राज्यभर आपलाच पक्ष पुढे असेल, तर 'जिंकेल त्याला सगळी' ही पद्धत पवित्र माना. १७९६ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी जेफरसन आणि अ‍ॅडम्स समोरासमोर होते. जेफरसनच्या व्हर्जिनियाच्या २१ मतांपैकी एक मत त्यांच्या हातून निसटून अ‍ॅडम्सना गेलं. पुढच्या निवडणुकीआधी जेफरसनच्या माणसांनी जिल्हावार (म्हणजे मतदारसंघागणिक) निवडीचा कायदाच बदलून 'जिंकेल त्याला सगळी' आणली. अ‍ॅडम्सच्या मॅसॅच्युसेट्सनं तर १८०० साली मतदारांना त्रासच दिला नाही, सगळे इलेक्टर विधिमंडळानं परस्पर निवडून टाकले.

आता राज्य समोरच्याच्या खिशात असेल आणि विधिमंडळ तुमच्या, तर मात्र एकेका मतदारासाठी तुमचा जीव तुटला पाहिजे. १८९१ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅट्सचा असाच तुटला. त्यांनी जिल्हावार वाटणी आणली, सुप्रीम कोर्टानं ती चालवून घेतली, आणि १८९२ मध्ये १४ पैकी ५ मतं पदरात पडली. पुढे रिपब्लिकन आले, त्यांनी कायदा गुंडाळला. २०११ मध्ये तोच कळवळा पेनसिल्व्हेनियातल्या रिपब्लिकनांना आला. टेक्सासमध्ये मात्र तो येत नाही. तिथे २०२० मध्ये बायडेनना ५२ लाखांवर मतं पडली आणि इलेक्टोरल मतं शून्य. कॅलिफोर्नियात ट्रम्पना ६० लाखांवर, तिथेही शून्य. कळवळा नेहमी शेजारच्या राज्याबद्दल वाटावा, तब्येतीला बरं असतं.

एक धोका सांगून ठेवतो : शरम असलेला माणूस. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा इलेक्टर विधिमंडळच निवडायचं. १८०० मध्ये ते विधिमंडळ जेफरसनच्या पक्षाकडे गेल्यावर विरोधी पक्षाचे नेते हॅमिल्टन यांनी राज्याचे गव्हर्नर जॉन जे यांना लिहिलं, मावळतं विधिमंडळ पुन्हा बोलवा आणि इलेक्टरांची निवड जिल्हावार करून टाका. हॅमिल्टन आणि जे, दोघे एकाच पक्षाचे. पण जे यांनी पत्रावर शेरा मारला, की पक्षासाठी सुचवलेलं हे पाऊल मला शोभणार नाही. पत्र फायलीत, न्यूयॉर्क जेफरसनला. असा गव्हर्नर आपल्या नशिबी येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसा.

पद्धत बदलण्याचा ताजा प्रयोग नेब्रास्का राज्यातला. मतं पाच : दोन राज्यभरच्या विजेत्याला, तीन जिल्हावार. त्यातलं ओमाहाचं एक मत अधूनमधून डेमोक्रॅट्सकडे जातं. २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी अंगणात नुसत्या निळ्या ठिपक्याच्या पाट्या रोवल्या होत्या (निळा हा डेमोक्रॅट्सचा रंग). ते एक मतही ट्रम्पना मिळावं, म्हणून 'जिंकेल त्याला सगळी' आणा असं सांगायला सप्टेंबरात रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम थेट नेब्रास्काच्या राजधानीला, लिंकनला, जाऊन आले. मेन राज्यातही अशीच वाटणी, आणि तिथलं एक मत ट्रम्पकडे जातं. तुम्ही बदललंत तर आम्हीही बदलू, असा दम तिथल्या डेमोक्रॅट्सनी आधीच भरला होता. शेवटी नेब्रास्काच्या विधिमंडळातले, डेमोक्रॅट पक्ष सोडून नुकतेच रिपब्लिकन झालेले माइक मॅकडॉनेल आडवे आले. ट्रम्प ३१२ मतांनी जिंकले, ओमाहाविनाच. तरी २०२५ मध्ये नेब्रास्कात पद्धत बदलायचं विधेयक पुन्हा आलं आणि पुन्हा अडकलं.

तेव्हा भाषणाचे दोन्ही मसुदे जपून ठेवा. पक्षाचं नाव तेवढं पेन्सिलीनं लिहा.