सेकी: तलवारी गेल्या, धार राहिली

जपानमधल्या सेकीचा उल्लेख असलेला तुमचा लेख आवडला, पण सेकीला नुसतं 'तलवारींचं गाव' म्हणून सोडून दिलंत, ते थोडं खटकलं. गिफू प्रांतातल्या या गावाची खरी गंमत तलवारी बंद झाल्यावर सुरू होते. १८७६ मध्ये मेइजी सम्राटाच्या सरकारने चारचौघांत तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि शतकानुशतकं चाललेला धंदा एका हुकमात बसला. मग लोहारांनी तोच हात सुऱ्या, कात्र्या, चाकूंवर चालवला. सुऱ्या-ब्लेडं बनवणारी 'काई' कंपनी १९०८ ची, ती सेकीचीच. आपल्याकडच्या सलूनवाल्यांना ठाऊक असलेलं 'फेदर' ब्लेडही मूळचं तिथलंच.

भाच्याने आणलेली तिथली एक सुरी आमच्या ओट्यावर आहे. धारेलगत बारीक नागमोडी रेघ आहे, उजेडात तिरकी धरली तरच दिसते. टोमॅटो नुसत्या वजनाने कापला जातो. आई मात्र अजून विळीच काढते, ते सोडा!

दर ८ नोव्हेंबरला तिथे झिजलेल्या, मोडक्या पात्यांसाठी चक्क प्रार्थना करतात. आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतो ती वापरातली; निकामी झालेल्यांचे आभार मानायचं काही आपल्याला सुचलं नाही.

आणि सेकीतल्याच 'ओझे' या ठिकाणची, नागारा नदीवरची मासेमारी लेखात कशी नाही? होडीच्या टोकाला जाळ पेटवून, पाणकावळ्यांच्या गळ्याला दोरी बांधून 'आयू' नावाचे नदीतले मासे पकडतात. मोठा मासा गळ्यात अडकतो, बारका पक्ष्याच्या पोटात जातो. हे कोळी जपानच्या राजघराण्याच्या खात्याचे नोकर आहेत, सेकीत फक्त तीन. यावर वेगळा लेख येऊ द्या.